आधी तलाव, मग तळ

मालवणच्या समुद्रात बुडी मारून आलेला कुणी काउंटरवर फोटो दाखवू लागला, की मी विचारतो, "ते ठीक, पण पाय कुठे ठेवले होते?"

अहो, खाली पोवळी असतात! दिसायला दगड, पण ती जिवंत प्राण्यांची वसाहत. घुमटासारखं पोवळं वर्षाला साधारण १ सेंटिमीटर वाढतं. म्हणजे हातभर पोवळं ही चाळीस-पन्नास वर्षांची मुदत ठेव. आणि नवशिक्याची एक लाथ म्हणजे ती मुदतीआधीच मोडणं, तीही दुसऱ्याच्या खात्यातली!

पाण्यात अधांतरी राहणं ही विद्या आहे. कमरेला शिसं किती, जाकिटात हवा किती, याचा हिशेब जमावा लागतो. नुसता श्वास भरला तरी माणूस वर सरकतो, सोडला की खाली. हा सराव पोवळ्यांवर कशाला? स्कूटर आपण मैदानात शिकतो, मंडईत नाही. आधी पोहण्याचा तलाव, मग वाळूचा तळ; तोही पोवळ्यांपासून लांब, कारण उडालेली वाळू त्यांच्यावर बसली की ती गुदमरतात.

"आम्ही पैसे मोजलेत!" मोजले असतील, बोटीचे. १९८७ साली तिथे सागरी अभयारण्य जाहीर झालं. त्या खात्यावर आपली सही चालत नाही, साहेब!