भाडेपावतीची ताकद: मुंबईच्या भाडेकरूंनी काय कमावलं आणि आपण काय विसरलो?

३१ ऑगस्ट २०१७ ची सकाळ. ईदुल अझहा अवघ्या दोन दिवसांवर होती. भेंडी बाजारातल्या पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत कोसळली आणि ३३ जणांचा जीव गेला. इमारत धोकादायक आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. काही कुटुंबं आधीच दुसरीकडे हलली होती, काही तिथेच राहत होती. त्यानंतर १६ जुलै २०१९ ला डोंगरीत केसरबाई इमारतीचा भाग कोसळला. पुन्हा ढिगारे, पुन्हा जनाजे, पुन्हा पुढाऱ्यांच्या भेटी.

अशा प्रत्येक वेळी बाहेरची माणसं एकच प्रश्न विचारतात, "धोका माहीत होता, मग राहिले कशाला?" जुन्या मुंबईत वाढलेल्या कोणालाही याचं उत्तर माहीत आहे. खोली सोडली की हक्क गेला, ही भीती. संक्रमण शिबिरात गेलेलं शेजारचं कुटुंब वीस-वीस वर्षं परतलं नाही, हे डोळ्यांनी पाहिलेलं असतं. छत पडण्याच्या भीतीपेक्षा छत जाण्याची भीती मोठी ठरते.

ही भीती एका दिवसात तयार झालेली नाही. तिच्यामागे सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. आज पुनर्विकासाच्या कागदावर सही करण्याआधी तो आपण समजून घ्यायला हवा.

प्लेग, चाळी आणि पहिला भाडे कायदा

१८९६ मध्ये मांडवी भागात प्लेगची साथ सुरू झाली. सरकारने १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते आणि हवेशीर घरं, असा त्याचा उद्देश होता. पहिली योजना होती नागपाड्याची. घरं आधी पाडली गेली आणि नवी मागाहून, तीही कमी बांधली गेली. उठवलेले लोक शेजारच्या चाळींत आणखी दाटीने राहू लागले. "आधी पाडा, मग बघू" ही पद्धत आजची नाही, ती तेव्हापासूनची आहे.

पहिल्या महायुद्धात घरभाडी भडकली. असंतोष इतका वाढला की १९१८ मध्ये सरकारला भाडेवाढीवर मर्यादा घालणारा कायदा करावा लागला. तो तात्पुरता होता. विसाच्या दशकात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. १६० चौरस फुटांची खोली आणि मजल्यावर सामाईक संडास. कामगाराला सरकारने दिलेलं घर म्हणजे एवढंच.

खरा बदल झाला तो १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडं होतं, साधारण तेच 'प्रमाणित भाडं' मानलं गेलं. मालकाला कोर्टात कारण सिद्ध केल्याशिवाय भाडेकरूला काढता येईना. या कायद्याचा फायदा कोणाला झाला? गिरणी कामगाराला, गोदीतल्या हमालाला, कोकणातून बोटीने येऊन एका खोलीत दहा-दहा जण राहणाऱ्या चाकरमान्याला. आपल्या आजोबा-पणजोबांनी मुंबईत पाय रोवले ते घर विकत घेऊन नव्हे, तर भाडेपावतीच्या आधाराने. मनिऑर्डर गावी जात राहिली, कारण घरभाडं आवाक्यात होतं.

कायद्याची दुसरी बाजू

इथे प्रामाणिकपणे बोललं पाहिजे. भाडं गोठलं, महागाई गोठली नाही. मालक म्हणू लागला, पन्नास रुपयांत इमारतीची दुरुस्ती कशी करू? त्याची तक्रार सगळीच खोटी नव्हती. त्यातून पागडी वाढली. खोली हस्तांतरित करताना एकरकमी पैसे घ्यायचे आणि पावती नव्या नावावर करायची. कायद्याने तो गुन्हा होता, व्यवहारात तोच रिवाज होता. अर्धा भाडेकरू, अर्धा मालक अशी एक जमात तयार झाली. आपल्यातली हजारो कुटुंबं आजही याच अवस्थेत आहेत.

डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोठलेलं भाडं काळाशी विसंगत आणि अन्याय्य ठरवलं. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. दरवर्षी ४ टक्के भाडेवाढ मान्य झाली आणि पागडीला कायदेशीर मान्यता मिळाली. भाडेकरूचं मूळ संरक्षण मात्र टिकलं.

दरम्यान इमारती कोसळत होत्या. १९६९ मध्ये दुरुस्ती व पुनर्रचना मंडळासाठी स्वतंत्र कायदा झाला. शहर भागातल्या १९,६४२ जुन्या इमारतींवर उपकर लागला आणि त्या बदल्यात दुरुस्तीची जबाबदारी सरकारने घेतली. म्हणजे 'सेस' भरणारा भाडेकरू फुकट राहतो, हा आरोप चुकीचा आहे. त्याने वर्षानुवर्षं कर भरला. दुरुस्ती वेळेवर झाली नाही, हा त्याचा दोष नव्हता.

१९८६ मध्ये म्हाडा कायद्यात आणखी एक मोठी तरतूद झाली. उपकरप्राप्त इमारतीतल्या ७० टक्के रहिवाशांनी सहकारी संस्था करून मागणी केली, तर म्हाडा ती इमारत संपादित करून त्यांना देऊ शकेल. मालकाला मोबदला मासिक भाड्याच्या शंभर पट. मालक कोर्टात गेले. १९९१ मध्ये उच्च न्यायालयात हरले, मग सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे प्रश्न मोठा झाला: खासगी मालमत्ता ही 'समाजाची भौतिक साधनसंपत्ती' मानता येते का? ५ नोव्हेंबर २०२४ ला नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने सांगितलं की प्रत्येक खासगी मालमत्ता तशी मानता येणार नाही. देशभर चर्चा झाली ती समाजवाद आणि भांडवलशाहीची. पण या खटल्याच्या मुळाशी होती दक्षिण मुंबईतली गळकी इमारत आणि तिच्यातला भाडेकरू. हे फार थोड्यांनी लक्षात घेतलं.

फुटपाथचा धडा

ज्यांच्याकडे पावतीही नव्हती, त्यांचा लढा वेगळा. जुलै १९८१ मध्ये, भर पावसाळ्यात, राज्य सरकारने फुटपाथवासीयांना उठवून शहराबाहेर पाठवण्याचा निर्णय घेतला. मुख्यमंत्री होते बॅरिस्टर ए. आर. अंतुले, आपल्या कोकणातले, आपल्या समाजातले. हे सांगणं अनेकांना आवडणार नाही, पण ते सांगितलंच पाहिजे. आपला माणूस खुर्चीवर बसला म्हणजे गरिबाचं घर वाचतं, असं नाही. घर वाचवतं ते संघटन.

पत्रकार ओल्गा टेलिस आणि इतरांनी कोर्टात धाव घेतली. १९८५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं मान्य केलं. मात्र नोटीस देऊन हटवण्याचा महापालिकेचा अधिकारही कायम ठेवला. म्हणजे तत्त्व जिंकलं, झोपडी हरली. लोक तिथे थांबले नाहीत. भायखळा-नागपाड्याच्या फुटपाथवरच्या बायकांनी, ज्यांत मुस्लिम महिला मोठ्या संख्येने होत्या, 'महिला मिलन' उभं केलं. रोजची थोडी थोडी बचत, घराघराची मोजणी, पुनर्वसनाची मागणी. निवारा हक्कच्या लढ्यात १९८६ मध्ये शबाना आझमी आणि आनंद पटवर्धन संजय गांधी नगरच्या रहिवाशांसोबत उपोषणाला बसले आणि उठवलेल्या लोकांना गोरेगावात जागा मिळाली. त्याच गोरेगावात मृणाल गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नागरी निवारा परिषदेमार्फत सरकारी जमीन मिळवून कमी उत्पन्नाच्या हजारो कुटुंबांना हक्काची घरं मिळवून दिली.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. यादी लोकांनी स्वतः केली, हिशेब स्वतः ठेवला आणि शेजारी कोणत्या धर्माचा आहे हे विचारलं नाही.

आज प्रश्न कुठे अडलाय?

उपकरप्राप्त इमारतीच्या पुनर्विकासात पात्र निवासी भाडेकरूला किमान ३०० चौरस फुटांचं घर मिळतं. पूर्वी ७० टक्के रहिवाशांची संमती लागायची, आता ५१ टक्के पुरते. म्हणजे निम्म्याहून एक जास्त सही मिळाली की काम सुरू. उरलेल्या ४९ टक्क्यांचं काय, हे आधी ठरवायला हवं.

मालक पुढाकारच घेत नसेल तर? म्हाडा कायद्यातल्या कलम ७९-अ प्रमाणे धोकादायक इमारतीच्या मालकाला सहा महिने मिळतात, मग भाडेकरूंच्या संस्थेला सहा महिने, त्यानंतर म्हाडा स्वतः काम हाती घेऊ शकते. तरतूद चांगली आहे. पण म्हाडाच्या अधिकाऱ्यांनी या कलमाखाली काढलेल्या ९३५ नोटिसा मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये रद्द केल्या. अधिकार नसताना काढलेला कागद कोर्टात टिकत नाही. भाडेकरूच्या बाजूचा कायदाही नीट राबवला नाही, तर फायदा दुसऱ्याचाच होतो.

दुसरीकडे वरळीच्या बीडीडी चाळीत ऑगस्ट २०२५ मध्ये ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० वरून ५०० फुटांपर्यंतचा हा प्रवास कोणाच्या मेहेरबानीने झालेला नाही. तिथल्या रहिवासी संघटना वर्षानुवर्षं भांडत राहिल्या.

पावती नसलेली नवी पिढी

आपली तरुण मुलं आता पागडीच्या खोलीत राहत नाहीत. ती मुंब्रा, मीरा रोड, कुर्ला इथे अकरा महिन्यांच्या करारावर राहतात. १९९२-९३ च्या दंगलींनंतर असंख्य कुटुंबं मुंब्र्याकडे सरकली. स्वस्त घराच्या शोधात काहींनी अनधिकृत इमारतींत पैसे घातले. ४ एप्रिल २०१३ ला शिळफाट्याजवळ बांधकाम सुरू असलेली इमारत कोसळून ७४ जण मेले, तेव्हा त्या स्वस्ताईची किंमत कळली.

चांगल्या सोसायटीत घर बघायला जावं, तर नाव सांगताच दलालाचा सूर बदलतो. हा अनुभव आपल्यापैकी कित्येकांचा आहे. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधल्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा, सदस्यत्व आपल्या समाजापुरतं ठेवण्याचा नियम वैध ठरवला. त्यामुळे भेदभावाविरुद्धची लढाई अवघड झाली, संपली मात्र नाही.

या नव्या भाडेकरूंची संघटना कुठे आहे? जवळजवळ कुठेच नाही. अकरा महिन्यांनी घर बदलणारा माणूस शेजाऱ्याचं नावही नीट जाणत नाही, संघटना कुठून करणार? तरीही कायद्यात त्याच्यासाठी थोडं काही आहे. १९९९ च्या कायद्याचं कलम ५५ सांगतं की भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत हवा आणि ती जबाबदारी मालकाची आहे. करार नोंदवला नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. कलम ३१ प्रमाणे भाड्याची लेखी पावती देणं मालकावर बंधनकारक आहे.

आपण काय करू शकतो?

पहिलं, कागद. जुन्या पावत्या, सेसची बिलं, विजेचं बिल, रेशनकार्ड एका फाइलमध्ये ठेवा. मालक भाडं घेत नसेल तर मनिऑर्डरने पाठवा आणि पोच जपा.

दुसरं, नाव. भाडेकरू वारल्यावर हक्क त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे जातो, तसं कोणी नसेल तर वारसाकडे. एकमत झालं नाही तर कोर्ट ठरवतं. अब्बा गेल्यावर पावती मोठ्या मुलाच्या नावावर गुपचूप चढते आणि अम्मी, बहिणी बाजूला राहतात. वारशात मुलीचा हिस्सा ठरवून देणाऱ्या समाजात हे होता कामा नये. मयताच्या चाळीसाव्याची वाट न बघता घरात बसून हे मिटवा.

तिसरं, संस्था. बिल्डर येण्याआधी इमारतीची सभा घ्या. सही एकट्याने करू नका. पर्यायी जागेचं भाडं किती वर्षांचं आगाऊ मिळणार, बँक हमी आहे का, काम अडलं तर काय, हे लेखी घ्या आणि वकिलाला दाखवा. आपल्या जमातींकडे जागा आहेत, सुशिक्षित तरुण आहेत. जुम्याच्या नमाजनंतर महिन्यातून एकदा भाडेकरू मार्गदर्शनाचा तास ठेवायला फार खर्च येत नाही. मात्र त्या तासाचं दार शेजारच्या गुजराती, मराठी, उत्तर भारतीय बिऱ्हाडालाही उघडं असू द्या. इमारत कोसळते तेव्हा ती कोणाचं नाव विचारत नाही.

आपल्या वडीलधाऱ्यांनी भाडेपावती कुराणशरीफच्या खालच्या कप्प्यात जपून ठेवली होती. ती फक्त भाड्याची पावती नव्हती, या शहरात राहण्याचा त्यांचा हक्क होता. तो हक्क त्यांनी एकत्र येऊन टिकवला. आपल्याला तो एकेकट्याने टिकवता येणार नाही.