आवडते पुस्तक आणि दाराशीचे प्रश्न

महाविद्यालयात साहित्य हा विषय घेणाऱ्या विद्यार्थ्याला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. तुझे आवडते पुस्तक कोणते, हा पहिला. आणि समाजापुढील प्रश्नांविषयी तुझे विचार काय, हा दुसरा. तोंडी परीक्षा असो, वक्तृत्वस्पर्धा असो किंवा वार्षिक अंकासाठी मागवलेला लेख असो, या दोन प्रश्नांची उत्तरे आता बरीचशी ठरून गेली आहेत. पहिल्याच्या उत्तरात ‘ययाति’, ‘मृत्युंजय’ आणि पु. ल. देशपांडे येतात, वाचन थोडे पुढे गेलेले असेल तर ‘कोसला’, ‘बलुतं’, ‘उपरा’ यांची नावे येतात. दुसऱ्याच्या उत्तरात बेकारी, हुंडा, प्रदूषण आणि स्त्रियांवरील अत्याचार यांची यादी येते. दोन्ही उत्तरे प्रामाणिक असतात, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. उणीव एवढीच की या दोन उत्तरांची परस्परांशी गाठ पडत नाही. पुस्तक कपाटात राहते आणि प्रश्न रस्त्यावर राहतो.

पालघर आणि बोईसर-तारापूर या पट्ट्यात ही ताटातूट विशेष खटकते. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा निघालेला हा जिल्हा म्हणजे अर्थव्यवस्थेच्या अनेक अवस्था एकाच वेळी दाखवणारे एक प्रदर्शनच आहे. १९६९ साली देशातील पहिले अणुवीज केंद्र तारापूरला सुरू झाले. पुढे त्याच्या शेजारी, बोईसरला लागून, रसायने, औषधे, कापड आणि पोलाद यांचे कारखाने उभे राहिले. किनाऱ्यावर सातपाटीपासून डहाणूपर्यंत मच्छीमारांची गावे आहेत. मधल्या पट्टीत वाड्या आणि बागायती आहेत. आणि पूर्वेला जव्हार-मोखाड्याचा डोंगराळ मुलूख आहे, जेथे दहांतील नऊ माणसे आदिवासी आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३० लाख होती आणि तीत आदिवासींचे प्रमाण एक-तृतीयांशाहून अधिक होते. या सर्व थरांतील मुले पालघर आणि बोईसरच्या महाविद्यालयांत एकाच बाकावर बसतात. समाज समजून घेण्यासाठी त्यांना दूर कोठे जाण्याची गरज नाही. गरज आहे ती हातातले पुस्तक आणि खिडकीबाहेरचे दृश्य एकत्र वाचण्याची.

लग्नगडी आणि उचल

याचे सर्वांत जवळचे उदाहरण याच जिल्ह्याच्या मातीतून आलेले आहे. गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक १९७० साली प्रसिद्ध झाले आणि १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यात वर्णिलेला वारल्यांचा लढा १९४५ सालचा. त्या वर्षीच्या मे महिन्यात तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातील झरी या गावी हजारो वारली जमले आणि यापुढे जमीनदाराकडे वेठ करायची नाही, असा निर्धार त्यांनी केला. ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला गोळीबार झाला आणि त्यात माणसे मेली. झरी हे गाव आज तलासरी तालुक्यात, म्हणजे पालघर जिल्ह्यातच आहे.

या पुस्तकातील ‘लग्नगडी’ विसरता येत नाही. लग्नासाठी सावकाराकडून थोडेसे कर्ज घ्यायचे आणि त्यापायी नवराबायकोने वर्षानुवर्षे, पुष्कळदा जन्मभर, त्याच्या घरी राबायचे अशी ती पद्धत. हे वाचताना विद्यार्थ्याला संताप येतो, डोळे ओलावतात, आणि मग ‘किती भयंकर दिवस होते ते’ असे म्हणून तो पान उलटतो. खरा धोका येथेच आहे. पुस्तक मनाला भिडले म्हणजे आपले कर्तव्य संपले, अशी समजूत वाचकाच्या मनात फार लवकर घर करते.

वास्तविक त्या लढ्याने केवळ करुणेचे आवाहन केले नव्हते. ५०० पौंड गवत कापण्याबद्दल अडीच रुपये मजुरी मिळाली पाहिजे, अशी नेमकी मागणी त्याने पुढे ठेवली होती. अन्यायाला दर लावून दाखवणे ही त्या चळवळीची मोठीच शक्ती होती. कारण जमीनदाराला आणि सरकारला हुंदक्याकडे दुर्लक्ष करता येते. दराला मात्र होय किंवा नाही असे उत्तर द्यावे लागते.

आता पुस्तक मिटून आजच्या दिवसाकडे यावे. दिवाळी उलटली की जव्हार, मोखाडा आणि विक्रमगड या तालुक्यांतील पाडे रिकामे होऊ लागतात. कुटुंबेच्या कुटुंबे वसई, वाडा, भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. पावसाळ्यात किंवा सणासुदीला मालकाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी हंगामभर काम करायचे, हा तेथील रिवाज आहे. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी रद्द झाली. १९८२ साली दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितले की, किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर करावे लागणारे काम हेही सक्तीचे कामच होय. उचल घेतली म्हणजे वेठबिगारी झालीच असे अर्थातच नाही. तथापि हिशेबाची वही मालकाकडे, शिलकी उचल पुढल्या वर्षावर, आणि काम सोडून जाण्याची मुभा नाही, अशी स्थिती जेथे असेल तेथे लग्नगडी नाव बदलून परत आलेला आहे, असेच म्हणावे लागेल. हजार विटांमागे मजुरी किती, त्यासाठी किती माणसांनी किती तास राबायचे, आणि भट्टीवर गेलेल्या मुलाची शाळा त्या सहा महिन्यांत कोठे असते, हे प्रश्न विचारल्याखेरीज परुळेकरांचे पुस्तक वाचून पुरे झाले असे मानता येणार नाही.

कोकटाऊन आणि बोईसर

इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्यांबाबतही हेच म्हणता येईल. चार्ल्स डिकन्सची ‘हार्ड टाइम्स’ ही कादंबरी १८५४ सालची. तिच्यातील कोकटाऊन या कल्पित गिरणगावात धुराचे लोट कधी थांबत नाहीत आणि रंगाच्या पाण्याने तेथील नदी जांभळी होऊन वाहते. परीक्षेत या शहराचे वर्णन करा, असा प्रश्न आला की विद्यार्थी औद्योगिक क्रांतीच्या दुष्परिणामांवर दोन पाने लिहितो. हा विद्यार्थी बोईसर स्थानकावर उतरून रोज ज्या वाटेने घरी जातो, त्या वाटेवरच्या हवेचा वास त्या दोन पानांत कोठेही येत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील शंभर औद्योगिक क्षेत्रांचे जे मूल्यमापन केले, त्यात सर्वाधिक, म्हणजे ९३.६९ इतका निर्देशांक तारापूरचा होता. कारखान्यांचे सांडपाणी ज्या नवापूरच्या किनाऱ्याकडे जाते, तेथील मासेमारीवर परिणाम होतो म्हणून मांगेला समाजाच्या संघटनेला हरित लवादाकडे दाद मागावी लागली. आणि २०२२ साली लवादाने येथील अनेक कारखान्यांवर भरपाईची रक्कम बसवली. कोकटाऊन लंडनच्या पुस्तकात आहे खरे, पण त्याची एक प्रत बोईसरलाही आहे.

याच कादंबरीत डिकन्सने आकडेवारीपलीकडे काही न दिसणाऱ्या माणसांची यथेच्छ थट्टा केली आहे. अर्थशास्त्र शिकवणाऱ्यांनी ती निमूटपणे सोसली पाहिजे, कारण ती बहुतांशी रास्त आहे. एखाद्या तालुक्याचे दरडोई उत्पन्न सांगितल्याने तेथील भूक कळत नाही. परंतु उलट बाजूही तेवढीच खरी आहे. भुकेचे हृदयस्पर्शी वर्णन वाचल्याने ती का लागते आणि कोणामुळे टिकते, हे कळतेच असे नाही. १९९२-९३ च्या सुमारास जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे बालके दगावली, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राला धक्का बसला. तो धक्का बातम्यांतील माणसांनी दिला. पण त्यानंतर कोणते उपाय हवेत हे ठरवण्यासाठी वजनाच्या नोंदी, रेशनचा पुरवठा आणि दवाखान्याचे अंतर यांचाच आधार घ्यावा लागला. आकड्याविना गोष्ट भाबडी होते आणि गोष्टीविना आकडा मुका राहतो. मराठीत हा मेळ नवा नाही. महसूल खात्यात काम केलेल्या त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गांवगाडा’ लिहिला, तेव्हा त्यांनी खेड्याचा हिशेबही मांडला आणि त्याचे चित्रही काढले. तो ग्रंथ साहित्याचा की अर्थशास्त्राचा, हा वाद कोणी घालत बसत नाही.

दोन आक्षेप

यावर पहिला आक्षेप असा घेतला जाईल की, साहित्य म्हणजे समाजसुधारणेचे पत्रक नव्हे. वाचनातील निखळ आनंदावर विद्यार्थ्याचा हक्क आहे. हा आक्षेप बिनतोड आहे आणि तो मान्यच केला पाहिजे. ‘बटाट्याची चाळ’ वाचून हसणाऱ्या मुलीला त्याबद्दल खुलासा देण्याची गरज नाही. प्रश्न उद्भवतो तो तिने स्वतःहून सामाजिक पुस्तक आवडते म्हणून सांगितल्यावर. जे आवडते त्याच्याशी इमान राखावे, एवढीच अपेक्षा आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पाड्यावरून वसतिगृहात आलेल्या आणि घरात पहिल्यांदाच महाविद्यालयाची पायरी चढलेल्या मुलाला नोकरी हवी आहे; त्याला हे चोचले कशाला? औद्योगिक वसाहतीतील कंत्राटी नोकरीपुढे साहित्याच्या पदवीला भाव नाही, असे पालक म्हणतात, आणि त्यांचे गणित चुकलेले नसते. तथापि याच मुलाकडे एक भांडवल आहे, ते इतरांकडे नाही. वारली, कातकरी, कोकणा, मांगेली, वाडवळी यांपैकी कोणती ना कोणती बोली तो घरी बोलतो, प्रमाण मराठी तो वर्गात शिकतो आणि इंग्रजी वाचण्याचा सराव करतो. आपल्या गावाविषयी तो लिहू लागला तर बाहेरून आलेल्या अभ्यासकाने विचारला नसता असा प्रश्न तो विचारील. मात्र त्याच्या दारिद्र्याला वर्गाच्या कुतूहलाचा विषय करता कामा नये. येथे त्याला वाचक आणि लेखक म्हणून प्रतिष्ठा मिळाली पाहिजे. नमुना म्हणून नव्हे.

भाषेचे काम

या भांडवलाची गरज किती निकडीची आहे, हे वाढवण बंदराच्या प्रकरणावरून स्पष्ट होते. १९९१ साली केंद्राने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित केला आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालील प्राधिकरणाने १९९८ साली बंदराला नकार दिला. पुढे २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने परवानगी दिली, जानेवारी २०२४ मध्ये जनसुनावणी झाली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे सुमारे ७६ हजार कोटी रुपयांच्या या प्रकल्पाची पायाभरणी झाली. बंदर व्हावे की न व्हावे, यावर सुशिक्षितांत प्रामाणिक मतभेद असू शकतात. परंतु २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे अशा प्रकल्पाच्या अहवालाचा केवळ सारांश स्थानिक भाषेत देणे बंधनकारक आहे. शेकडो पानांचा मूळ अहवाल इंग्रजीत राहतो. ज्याच्या होडीचा प्रश्न आहे त्या मच्छीमाराला तो वाचता येत नाही, आणि ज्याला वाचता येतो त्याची होडी नसते. भाषांतर, अर्थनिर्णय, शब्दामागचा हेतू ओळखणे ही कामे साहित्याच्या वर्गात शिकवली जातात. ती कवितेसाठी उपयोगी आहेत, तशीच अहवालासाठीही आहेत.

यासाठी नवा निधी किंवा नवी समिती नको. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आखलेल्या पदवी अभ्यासक्रमात क्षेत्रीय प्रकल्पाला आणि समाजसहभागाला आता श्रेयांक आहेत. ती जागा गुळगुळीत छायाचित्रांच्या वह्यांनी भरून काढण्याऐवजी साहित्य आणि अर्थशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन साधी अट घालावी: विद्यार्थ्याने आवडीचे एक पुस्तक निवडावे, त्यातील एक प्रश्न आपल्या तालुक्यात शोधावा, आणि दहा पानांत दोन्हींची तुलना लिहावी. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ बरोबर भट्टीवरच्या मजुरीचा हिशेब. अनुताई वाघ यांच्या ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ बरोबर जवळच्या अंगणवाडीची हजेरी. ‘हार्ड टाइम्स’ बरोबर नाल्याकाठच्या दहा घरांची साक्ष. ग्रंथालयानेही या जिल्ह्याविषयीची पुस्तके, जुने गॅझेटियर, जनगणनेचे तक्ते आणि प्रकल्पांचे अहवाल एका कपाटात ठेवावेत. विद्यार्थ्यांनी लिहिलेली ही पाने त्याच कपाटात राहिली, तर दहा वर्षांनी जिल्ह्याकडे स्वतःचा असा एक दस्तऐवज तयार होईल.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा सर्वांनाच अभिमान वाटला. त्या दर्जाचे मोल समारंभांत ठरणार नाही. जव्हारच्या मजुराची उचल, नवापूरच्या मच्छीमाराचे जाळे आणि बोईसरच्या कामगाराची खोली यांच्याविषयी नेमके, खरे आणि वाचनीय असे या भाषेत किती लिहिले जाते, यावर ते ठरेल. पुढल्या वेळी तोंडी परीक्षेत आवडत्या पुस्तकाचे नाव सांगणाऱ्या विद्यार्थ्याला परीक्षकाने म्हणूनच आणखी एक प्रश्न विचारावा: हे पुस्तक वाचून झाल्यावर तुम्ही कोणाच्या घरी गेलात?