वादकांनो, लॅपटॉप रोखीने घ्या

कव्वाली पार्टीतील की-बोर्डवादकाला लॅपटॉप हे आता धंद्याचे हत्यार झाले आहे. परंतु हप्त्यावर नवा घेऊन व्याजाच्या फेऱ्यात पडण्याचे कारण नाही. कचेरीत वापरलेला, चांगल्या स्थितीतला लॅपटॉप रोखीने घ्यावा. मात्र इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीच्या आधीचा नको. विंडोज ११ ला तो सहसा चालत नाही आणि विंडोज १० चे नेहमीचे पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. रॅम किमान ८ जीबी, डिस्क एसएसडीच हवी. वाचलेल्या पैशातून एएसआयओ ड्रायव्हरचे बाहेरचे साउंड कार्ड घ्यावे. कळ दाबल्यावर सूर उशिरा उमटण्याची तक्रार कमी होते. सौद्यापूर्वी तासभर वाजवून पाहावे. भर कार्यक्रमात लॅपटॉप बंद पडला, तर बिदागीबरोबर नावही जाते.