गिलाव्याआधीची तार

भिंतींना कान असतात, असे आपण म्हणतो. पण वाय-फायचे म्हणणे ऐकून घ्यायला जुन्या घरांच्या भिंती अजिबात तयार नसतात. भालकी-बसवकल्याणकडच्या जुन्या घरांत राहणाऱ्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. ओसरीवर राउटरचे सगळे दिवे हिरवेगार, आणि मधली दोन फुटी दगडमातीची भिंत ओलांडून माजघरात गेले की मोबाईलवर नुसते चक्र फिरत राहते. मग घरातला कोणीतरी दुकानात जातो आणि दोनाऐवजी सहा अँटेनांचा राउटर घेऊन येतो. भिंत तीच राहते.

गेला महिनाभर माझ्या डोक्यात वांकिडीच्या ताईचे घर आहे. वांकिडी म्हणजे आसिफाबादहून राजुरा-चंद्रपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, महाराष्ट्राच्या हद्दीजवळचे गाव. पूर्वी ते आदिलाबाद जिल्ह्यात होते, २०१६ पासून कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात आहे. ‘बिदरकडची मुलगी एवढ्या लांब कशी दिली?’ असे नव्या पिढीतली मुले विचारतात. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बिदर आणि आदिलाबाद हे दोन्ही जिल्हे एकाच हैदराबाद राज्यात होते, आणि राजुरा तर आदिलाबाद जिल्ह्यातच होते. राज्ये वाटली गेली, सोयरिकी चालू राहिल्या. आपल्याकडे घरात मराठी आणि दारात कन्नड, तिथे घरात मराठी आणि दारात तेलुगू, एवढाच फरक. आपली तार कन्नडमध्ये तंती होते, तेलुगूत तीग. ताईकडचा वायरमन तेलुगूत बोलतो, गवंडी मराठीत, आणि ताई रागावली की अजून कन्नडमध्ये.

तर ताईच्या जुन्या घरामागे तीन खोल्या आणि वर दोन खोल्या, असे नवे बांधकाम चालू आहे. दाजींना दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. तेव्हापासून भाची हैदराबादची नोकरी घरूनच करते. कंपनीची अट एकच, कामाच्या वेळात लाइन तुटता कामा नये. गेल्या तीन महिन्यांत दोनदा महत्त्वाच्या बैठकीत तिचा आवाज तुटला आणि साहेबांनी ‘हैदराबादला परत येता का?’ असे गोड शब्दांत विचारले. ती गेली तर दाजींना उठवायचे-बसवायचे कोणी, हा प्रश्न घरात कोणी मोठ्याने बोलत नाही. म्हणून नव्या घरात प्रत्येक खोलीत तार न्यायची असे ठरले, आणि तीही गिलावा होण्याआधी.

नकाशा काढायला बसल्यावर पहिला प्रश्न येतो, सगळ्या तारा कुठून निघणार? विजेच्या तारेसारखी एका खोलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत अशी ही तार नेता येत नाही. प्रत्येक खोलीची तार स्वतंत्रपणे एकाच जागी आली पाहिजे. ती जागा आम्ही जिन्याखाली निवडली. तिथे हवा लागते, पाणी झिरपत नाही, फायबरची लाइन बाहेरून सहज येते, आणि राउटर, स्विच सगळे एकत्र असल्याने वीज गेली तर एका छोट्या यूपीएसवर भागते. उन्हाळ्यात वीज जाते तेव्हा हा मुद्दा सहा अँटेनांपेक्षा मोठा ठरतो.

मग टोके मोजली. भाचीच्या कामाच्या टेबलाशी दोन, बैठकीत टीव्हीपाशी एक, भाच्याच्या अभ्यासाच्या जागी एक, वरच्या पडवीत वाय-फायसाठी एक, जुन्या ओसरीवर वाय-फायसाठी एक, दरवाज्यावरच्या कॅमेऱ्यासाठी एक. एकूण सात. भिंतीने वर चढणे-उतरणे धरून फीत लावली तर १०४ मीटर भरले. दोन्ही टोकांना एकेक मीटर जास्त ठेवायचे म्हणजे ११८. बाजारात पेटी ३०५ मीटरची मिळते, पण बरेच दुकानदार सुटी तारही मोजून देतात. एका तारेची मर्यादा १०० मीटर असते. घरात ती कधी आडवी येत नाही. आठ पोर्टांचा स्विच घेतला तर सात टोके आणि राउटरकडून येणारी एक, असा तो पहिल्याच दिवशी भरतो. पण राउटरच्या पाठीवर सहसा दोन-तीन पोर्ट मोकळे उरतात, तेव्हा सोळाचा स्विच घेण्याची घाई नको.

तार कोणती, याबद्दल दुकानात खूप ऐकवले जाते. कॅट-फाइव्ह-ई आणि कॅट-सिक्स या दोन्ही तारांवरून सेकंदाला एक गिगाबिट माहिती १०० मीटरपर्यंत जाते. आज घरात १०० एमबीपीएसची लाइन असेल तर दोन्ही पुरून उरतात. तरी भिंत पुन्हा फोडायची नसल्याने मी कॅट-सिक्सच्या बाजूचा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तार शुद्ध तांब्याची हवी. अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार स्वस्त मिळते आणि दिसायला तशीच असते. आतल्या एका बारीक तारेवर ब्लेड ओढून पाहावे. आत पांढरे चकाकले तर ती दुकानदाराला परत द्यावी. ही तार वाकवली की लवकर तुटते, आणि भिंतीत तुटलेली तार शोधायची कुठे?

आठ तारांच्या चार जोड्या आणि प्रत्येक जोडी पिळलेली, ही युक्ती टेलिफोनच्या काळातली. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ मध्ये तिचे पेटंट घेतले. बाहेरची गडबड पिळलेल्या दोन्ही तारांना सारखीच लागते, पलीकडचे यंत्र दोघींतला फरक तेवढा वाचते, त्यामुळे गडबड वजा होते. म्हणून टोक बसवताना पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त सोडू नये. रंगांचा क्रम दोन्ही टोकांना एकच: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. भाच्याने हा क्रम पाढ्यासारखा पाठ केला आहे. टेस्टरचे आठही दिवे ओळीने लागले तर काम झाले. संगणक एक गिगाबिटऐवजी १०० एमबीपीएसच दाखवू लागला, तर बहुधा एखादी जोडी नीट बसलेली नसते. १०० ला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात.

वायरमनशी मात्र जरा वाद झाला. त्याचे म्हणणे, विजेच्या पाइपात जागा आहे, त्यातूनच ओढू. ते साफ नको. विजेची गडबड तारेत शिरते हे एक, आणि कुठे आवरण सोलले तर २३० व्होल्ट थेट भाचीच्या लॅपटॉपपर्यंत येतील हे दुसरे. या तारांना वेगळा पाइप, विजेच्या पाइपापासून शक्यतो फूटभर लांब, आणि ओलांडावाच लागला तर काटकोनात. २५ मिलीमीटरच्या पाइपातून तीन-चार तारा आरामात जातात. काटकोनी एल्बोऐवजी मोठ्या वळणाचे बेंड लावायचे आणि प्रत्येक पाइपात एक नायलॉनची दोरी सोडून ठेवायची. माझ्या मते तारेपेक्षा हा पाइप आणि ही दोरी महत्त्वाची. वीस वर्षांनी तार बदलेल, तेव्हा त्या दोरीला नवी बांधून ओढायची.

दाजींची एक मागणी होती, अंगणापलीकडच्या कापसाच्या खोलीवर कॅमेरा. तिथवर तांब्याची तार न्यायला मी नाही म्हटले. एका इमारतीतून दुसरीत उघड्यावरून तांबे नेले की वळवाच्या विजा त्यावरून घरात शिरू शकतात. जवळ कुठे वीज पडली तरी एका दमात स्विच, राउटर, टीव्ही जातात. तिथे फायबर टाकायची, आधाराची लोखंडी तार नसलेली. काच वीज वाहून नेत नाही. दोन टोकांना दोन छोटे कन्व्हर्टर लागतात, एवढाच जास्तीचा खर्च.

वाय-फाय बाद होत नाही, मोबाईलला ते लागतेच. जुना राउटर ओसरीवर लावता येतो, फक्त त्याचे पत्ते वाटण्याचे काम, म्हणजे डीएचसीपी, बंद करायचे आणि तार त्याच्या लॅन पोर्टात घालायची. एका पंगतीत दोन वाढपी एकच पान वाढू लागले की जे होते, तेच घरात दोन राउटर पत्ते वाटू लागले की होते.

गिलावा सोमवारी सुरू होतोय. त्याआधी प्रत्येक भिंतीला फीत लावून फोटो काढायचे आहेत, म्हणजे पुढे खिळा ठोकताना पाइप कुठे आहे ते कळेल. तारांच्या दोन्ही टोकांना एकच आकडा लिहून झाला आहे.

राहिली जुनी ओसरी. मातीच्या भिंतीला झिरी मारायला ताईच्या सासूबाईंचा ठाम नकार. भिंत ढासळेल हे त्यांचे म्हणणे बरोबरच होते. आता तार तुळईच्या कडेने लाकडाच्या रंगाच्या केसिंग पट्टीतून जाईल, आणि देव्हाऱ्यावरून न नेता उजवीकडून फिरवायची. त्यासाठी तीन मीटर तार वाढली आहे. म्हणजे ११८ चे १२१ झाले.