उघडा भाव, उघडा हिशेब



‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण घरच्या अब्रूपुरती ठीक आहे. बाजारात मात्र झाकल्या मुठीने आपले नुकसानच केले.

पूर्वी हत्ता पद्धत होती. आडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली हात घालून बोटे दाबत व भाव ठरवीत. ज्याचा माल, तो शेजारी उभा राहून रुमालाकडे बघत असे. बोटांनी काय ठरले आणि आपल्याला काय सांगितले, हे ताडून पाहण्याची सोय नव्हती. नियंत्रित बाजाराची सुरुवात वऱ्हाडात कारंजा येथे १८८६ साली कापसापासून झाली. पुढे १९६३ च्या कायद्याने राज्यभरच्या बाजार समित्यांना एकच चौकट मिळाली. रुमाल बाजूला सारून उघड लिलाव करणे हा तिचा एक मोठा लाभ.

आपल्या लोणी-धामणी भागातला कांदा मंचरला जातो. लिलावात भाव कानांवर पडला म्हणजे काम संपले, असे समजू नका. पैसे मिळतात ते पट्टीप्रमाणे. पन्नास किलोच्या पिशवीमागे एक किलो कडता धरला, तर शंभर पिशव्यांत एक क्विंटल कांदा फुकट गेला. म्हणून वजन स्वतः पाहा. पक्की पट्टी मागा. हमाली, तोलाई किती कापली ते वाचा. फळे-भाजीपाला आणि कांदा-बटाट्याची आडत २०१६ पासून खरेदीदाराने द्यायची आहे. ती तुमच्या पट्टीत दिसली तर विचारा. घरातल्या लेकीसुनांनीही पट्टी वाचावी. कांदा काढताना त्यांचेही हात राबलेले असतात.

विचारल्यावर जो आडत्या न चिडता काटा आणि वही दाखवतो, त्याच्या गाळ्यावर शेतकरी पुढच्या वर्षीही माल उतरवतो, शेजाऱ्यालाही घेऊन येतो. उघड्या हिशेबाने धंदा बुडत नाही, वाढतो.

आणि हा नियम आपल्यालाही लागू आहे. पिशवीच्या तोंडाशी मोठा कांदा आणि तळाशी गोलटी भरली, तर तोही रुमालाखालचाच व्यवहार झाला. एकाची पिशवी तशी निघाली की खरेदीदार साऱ्या गावाच्या मालाला हात आखडून बोली लावतो. तेव्हा यंदा प्रतवारी करूनच पिशव्या भरा, आणि मग ताठ मानेने पट्टी मागा.