वासरू घेण्याआधी

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी झाली आणि काही दिवस दुकानेही बंद राहिली. आपल्या बेटावर अन्न कोठून येते, हा प्रश्न तेव्हा प्रत्येक घराच्या स्वयंपाकघरात शिरला. तेव्हापासून स्वावलंबनाची भाषणे काही थांबलेली नाहीत. कोंबडी आणि अंडी यांची गरज मॉरिशस स्वतःच भागवतो. गोमांसाचे मात्र तसे नाही. ते गोठवलेले येते, नाहीतर दक्षिण आफ्रिकेसारख्या देशांतून जिवंत गुरे बोटीने येतात. साहजिकच गावातील काही तरुणांच्या मनात विचार येतो, की हे काम आपणच का करू नये? मध्यंतरी एका पालकाने आम्हांला शाळेच्या फाटकापाशी गाठून विचारले, "गुरुजी, दोन गोऱ्हे घेऊन सुरुवात करावी म्हणतो. तुम्हांला कसे वाटते?"

हा विषय आपल्यापैकी अनेकांना रुचणार नाही, हे आम्ही जाणतो. पण आपल्या आजोबांच्या गोठ्यातील गोऱ्हा कोठे जात असे? कालवड घरी राही. गोऱ्ह्याला कोणीतरी दावे लावून घेऊन जाई आणि आजी तेवढा वेळ घरात जाऊन बसे. दुधासाठी गाय पाळली तरी दोन वासरांतील एक नर असणारच. ज्याच्या मनाला हे पटत नाही त्याने या धंद्यात पडू नये. त्यात कमीपणा नाही. ज्याला करायचे आहे त्याने मात्र डोळे उघडे ठेवून करावे.

कोंबडीचे यश पाहून गुरांचा हिशेब मांडणे हीच पहिली चूक होय. कोंबडी सहा आठवड्यांत विकता येते. गोऱ्हा जन्मतः सुमारे चाळीस किलोचा असतो. तो रोज सहाशे ग्रॅमने वाढला तरी चारशे किलो व्हायला सहाशे दिवस लागतात, म्हणजे वीस महिने. एवढा काळ पैसा फक्त जातो, येत नाही.

त्यातही खरी परीक्षा पहिल्या तीन महिन्यांची. जन्मल्यावर सहा तासांच्या आत तीन-चार लिटर चीक पोटात गेलाच पाहिजे. एक दिवस उलटला की चिकातील रोगप्रतिकारक घटक वासराच्या आतड्यातून रक्तात जाऊ शकत नाहीत, आणि अशी वासरे पुढे हगवणीने दगावतात. म्हणून आठ-दहा दिवसांचे वासरू स्वस्त मिळते म्हणून घेऊ नये. त्याला चीक मिळाला की नाही, हे विकणाऱ्याशिवाय कोणाला ठाऊक नसते, आणि विकणारा काय सांगणार हे उघड आहे. नवख्याने दूध तुटलेले, दाणा खाणारे तीन महिन्यांचे वासरू घ्यावे. ते महाग पडेल. पण रोज चार लिटर धरले तर आठ आठवड्यांत वासरू सव्वादोनशे लिटर दूध पिते. ते दूध कोणीतरी न विकता त्याला पाजलेले असते, हेही ध्यानात घ्यावे.

पुढचा प्रश्न वैरणीचा. "ऊस तर सगळीकडे आहे," असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. परंतु वाढे मिळतात ते जून ते डिसेंबर या तोडणीच्या काळात. शिवाय वाढ्यांत प्रथिने थोडी आणि मळीत जवळजवळ नाहीतच. नुसत्या वाढ्यांवर जनावर जगेल, पण वजन धरणार नाही. यावर आपल्याच बेटावर 1970 च्या दशकाच्या अखेरीस प्रयोग झाले होते. मळी आणि युरिया खाणाऱ्या बैलांना भुईमुगाच्या पेंडीऐवजी सुबाभळीचा पाला, ज्याला आपण येथे आकासिया म्हणतो, देऊन पाहण्यात आला. हे झाड रस्त्याच्या कडेला फुकट उगवते. मात्र पाला एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक देऊ नये, केस गळतात. आणि युरिया लहान वासराला कधीच देऊ नये, ते विषच ठरते. मोठ्या जनावरालाही जाणकाराने मोजून दिल्याशिवाय नको.

गुरांना चावणारी माशी आणि चक्रीवादळात उडणारे पत्रे यांचा अनुभव कास्काव्हेलपासून व्हाकोआपर्यंत सर्वांनाच आहे. त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

बाजाराविषयी मात्र लिहिले पाहिजे. मोठी मागणी असते ती बकरी-ईदच्या कुर्बानीला. उरलेल्या वर्षात आपल्या गोऱ्ह्याची स्पर्धा गोठवलेल्या मांसाशी. 2016 साली रॉड्रिग्समध्ये आणि पाठोपाठ मॉरिशसमध्ये लाळ-खुरकुताची साथ आली ती ऑगस्टच्या सुमारास, ईदच्या अगदी तोंडावर. गुरांची ने-आण बंद झाली, कित्येक जनावरे मारून पुरावी लागली. साथीचा धोका आहे म्हणून स्थानिक वासरे वाढवावीत, असे सरकारी मंडळी म्हणतात आणि ते खरेही आहे. पण त्याच साथीत सर्वांत आधी बुडतो तो दोन गोऱ्हेवालाच. अनुदानाचा अर्ज भरताना नुकसानभरपाईचे कलम कोणते, हे आधी विचारावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

त्या पालकाला आम्ही हे सगळे सांगितले. त्यांनी अजून वासरू घेतलेले नाही. घरामागे हत्ती गवत लावले आहे. ते जानेवारी ते मे दोन जनावरांना पुरते का, हे आधी पाहणार आहेत.