जाणतेपणाचा दंड

एचआयव्हीची बाधा ठाऊक असताना ती दुसऱ्यास देणाऱ्याला तुरुंगात धाडावे, ही मागणी कोणासही रास्त वाटेल. फसवून लग्न लावलेल्या मुलीचे दुःख थोडे नाही. कायदाही आहेच. १८६० च्या दंडसंहितेतील २६९ व २७० ही कलमे २०२४ पासून न्याय संहितेत २७१ व २७२ झाली. हयगयीला सहा महिने, दुष्टाव्याला दोन वर्षे.

परंतु हा दंड जाणतेपणावर उभा आहे. तपासणी टाळणारा सहज निसटतो. आणि कोल्हापूरच्या सीपीआरमध्ये काय किंवा खेड्यातील आरोग्य केंद्रात काय, गरोदरपणी रक्त तपासले जाते ते सुनेचे! रोग घरात आणणारा अजाण, भोगणारी मात्र जाणती. १९८९ मध्ये शेजारच्या गोव्यात डॉमिनिक डिसोझा यांना म्हापशात ६४ दिवस डांबले गेले. त्यांची बाधा उघड झाली होती ती रक्तदानामुळे. अशाने तपासणीस कोण धजावेल?

२०१७ चा एचआयव्ही कायदा अधिक समंजस आहे. मारहाणीची वा घराबाहेर काढले जाण्याची भीती असेल तर स्त्रीच्या जोडीदारास कळवू नये, असे तो डॉक्टरांस बजावतो. तिच्या मौनामागील ही भीती दंडविधानाला मात्र उमगत नाही. नियमित औषधांनी रक्तातील विषाणू सापडेनासा झाला, की शरीरसंबंधातून बाधा होत नाही, हेही त्याच्या गावी नाही. एचआयव्ही २७१ मधून वगळावा. हेतुपुरस्सर घात करणाऱ्यास २७२ पुरेसे आहे.